भारती

वेसाव्याच्या मच्छीमार सोसायटीची साइट
जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायचं काम
मार्गशीर्षात माझ्याकडे आलं.
एकशे बारा पानं. ठरावांची, बर्फाच्या दरांची,
डिझेलच्या परताव्याची,
आणि एक भरती-ओहोटीच्या वेळांचं,
ज्याचा पत्ता कुणा जयप्रकाशने दोन हजार आठ साली
घाईघाईत टाइप केला
आणि भरतीची झाली भारती.

तेव्हापासून ती भारतीच.
कॅलेंडरच्या पाठीवर छापलेली,
बर्फ कारखान्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने रंगवलेली.
सचिव चिंचय म्हणाले, चूक आहे, माहीत आहे,
पण आता नांदतेय ती आमच्यात,
तिला हाकलू नका.

मी मरोळच्या ऑफिसात बसून यादी केली.
जुना पत्ता डावीकडे, नवा उजवीकडे.
एका ठिकाणी ठराव पाठवले अहवालाकडे
आणि अहवाल ठरावांकडे.
चार नंबरची खिडकी म्हणते सातला जा,
सात म्हणते चारला.
विसाव्या फेरीला ब्राउझरने हात टेकले.
माणूस कचेरीत इतक्या लवकर टेकत नाही.

ते निस्तरलं. रात्रीचे अकरा वाजले होते.
उरलीसुरली पानं एकाच ओळीत
मुखपृष्ठावर पाठवून दिली. तीनशे एक.
म्हणजे कायमची.
त्या उरल्यासुरल्यांत भारती होती.

सकाळी लॉग उघडला.
पहाटे तीन दहा. जुना फोन, दोन काड्यांचं नेटवर्क असावं.
भारती मागितली एकदा.
मिळालं मुखपृष्ठ : अध्यक्षांचा फोटो,
गळ्यात हार, शेजारी शाल, माणूस हयात.
मग पुन्हा मुखपृष्ठ. पुन्हा. सात वेळा.
तीन अठ्ठावीसला थांबला.
पुढे होडी लोटली की नाही
हे लॉगमध्ये येत नाही.

मी लगेच भारतीला तिच्या नव्या घरी पाठवलं.
तपासलं, माझ्याकडे उघडत होतं.
दुसऱ्या पहाटे, तीन दहा :
मुखपृष्ठ.
भारतीचं नावच नाही.

मग उमगलं.
मी कायमचं म्हटलं होतं
आणि त्या फोनने ते खरं मानलं होतं.
आता तो मला विचारतच नव्हता.
बोट भारतीवर पडायचं
आणि फोन आपला आपण, आतल्या आत,
अध्यक्षांकडे वळायचा.

कोण आहे, विचारलं.
चिंचय म्हणाले, तीन दहाला?
अकरा होड्या असतील. त्यातले नऊ जण
फोन मुलाकडून लावून घेतात.
कुणाला सांगू, सेटिंगमध्ये जा, आठवण पुसा?

मग उलटं केलं.
तो जिथे पोचतो तिथेच समुद्र नेऊन ठेवला.
मुखपृष्ठावर, सगळ्यात वर, जाड अक्षरांत
आजची भरती, आजची सुकती, उधाण की भांग.
अध्यक्ष खाली सरकले.
दुपारी त्यांचा फोन आला. माझा फोटो?
म्हटलं, साहेब, तांत्रिक कारण आहे.
आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य खरं होतं.

भारतीची ओळ फाइलमध्ये ठेवली आहे.
भिंत वाचून कुणी नवा आलाच, तर तिच्याकडे जाईल.
वर टीप लिहिली : काढू नये.

आज पहाटे, तीन दहा.
मुखपृष्ठ. दोनशे.
एकदाच.