वणांची बांधबंदिस्ती

काळजाचा ठोका चुकला, म्हणतात लोक.
एखादा. मग पुढची गोष्ट सांगतात.
माझी गोष्ट पुढे सरकतच नव्हती,
सगळेच चुकत होते,
पत्र्याच्या डब्यात चिमणी अडकावी तसे.

आर्काशोंच्या खाडीत एकेचाळीस वर्षं
ओहोटी पाहून मी अंथरूण सोडलं.
स्वयंपाकघराच्या दारामागे वेळापत्रक टांगलेलं:
समुद्र ते पाळतो, चंद्र पाळतो,
आमचं आळशी कुत्रंसुद्धा पाळतं.

आधी आल्या रक्त पातळ करायच्या गोळ्या.
कालवं उघडणाऱ्या बाईला, बघा!
शिंपल्याच्या बिजागरीत सुरी घालायची, मनगट वळवायचं,
नाताळच्या आठवड्यात दिवसाला सत्तर डझन.
एकदा घसरली.
गिऱ्हाइकाच्या थाळीतला बर्फ
गुलाबी होत गेला, होतच गेला.
राहू द्या, ती म्हणाली, पैसे घ्या हवं तर.
तेव्हापासून सुरी सुनेच्या हातात
आणि मी लिंबं कापते. तीही जपून.

फेर्नां, माझा थोरला, त्याची तर छातीच उघडली होती.
झडप बदलायचीच होती,
तर लगे हात आत चक्रव्यूह कापला सर्जननं:
इथे चीर, तिथे टाका,
विजेनं शिरावं, पण भटकू नये,
एकाच वाटेनं खाली उतरावं.
लग्नकार्यातसुद्धा तो बटणं काढून दाखवायचा.

माझं काम नळीवर भागलं.
बोर्दोच्या इस्पितळात, जांघेतल्या शिरेतून वर,
मधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डावीकडे.
आदल्या संध्याकाळी डॉक्टर लाब्रुस
माझ्या जेवणाच्या ट्रेवरच्या कागदावर चित्र काढत बसले.
चार शिरा, मादाम दुबुर्दियो, फुफ्फुसांकडून येतात.
त्यांच्या तोंडाशी थोडं मांस आहे,
त्याला वाटतं, आपणच हृदय.
अवेळी ठिणग्या टाकतं.
आम्ही तोंडाभोवती गोल डाग देतो. डागाचा वण होतो.
वणातून वीज जात नाही.

म्हणजे त्या ठिणग्या विझणार?
नाही, ते म्हणाले, आत उडत राहतील कदाचित.
फक्त ऐकू येणार नाहीत.

रात्रभर कादियातू नर्स येऊन रक्तदाब पाहून गेली
आणि मी जागीच.
हे तर मी केलंय आधी, मनात आलं,
नळीशिवाय, भूल न घेता.
बापाच्या वाटणीत जोझेतकडे खोल पाण्याकडची कालवं गेली,
माझ्याकडे चिखलाकडची.
मी चेस्टनटच्या खुंट्या ठोकल्या मधे,
एकोणीस वर्षांपूर्वी, एका ओहोटीत, एकटीनं.
पलीकडे ती काय काय बोलली असेल.
माझ्यापर्यंत काही आलं नाही.

आता कसं वाटतंय, सगळे विचारतात.
ओसाड वाटतं, खरं सांगायचं तर.
रात्री बोटं मनगटावर ठेवून मोजते:
एक, एक, एक,
कुणी पायऱ्या चढतंय आणि दार येतच नाही.
तीन महिने निकाल धरायचा नाही, असं बजावलंय,
जखमा ओल्या आहेत, मधूनच धडपड होईल.
आणि कधीकधी वर्तुळात एखादी फट राहते,
वीज नेमकी तेवढीच शोधून काढते.
मग पुन्हा यावं लागेल.

मंगळवारी सुनेनं टेबलावर एक बरणी ठेवली.
अंजिरांचा मुरांबा, झाकणावर तारीख,
आईच्या वळणाचं सात, पोटात आडवी रेघ.
आता तसं सात आम्ही दोघीच काढतो.
कुणी दिली, विचारलं नाही.
चमचा शोधायला मी खण उघडला

आणि ठोका चुकला.
एखादाच.
डॉक्टरांना कळवायचं राहिलंय.