काटा

हडर्सफील्डच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
मी तासाच्या बोलीवर दुभाषी.
समोर भार्गव पोतदार, वय एकोणऐंशी, मूळचे हुपरीचे,
जन्मभर चांदीकाम. मांडीवर ठेवलेला उजवा हात
दुसऱ्या कुणाच्या मांजरासारखा चुळबुळतोय.

डॉक्टर ऍकरॉइड विचारतात, नेमकं काय होतं?
मी म्हणते, आजोबा, हात थरथरतो ना?
नाही, म्हणतात.

"थरथर भीतीची, बाई. मी कुणाला भ्यालो?
चळचळा कापतो तो चोर, पंचांपुढे.
लटलट पायांची. माझे पाय खांब आहेत.
हुडहुडी म्हणशील तर ती इथली,
ह्या गावाच्या नावातच भरलेली."
आणि खुदकन हसतात. हात हसत नाही.

मी पेन धरून बसते.
कंप मोठ्या घरचा, संस्कृतातून आला,
भूकंप, कंपवात अशी भावंडं घेऊन.
थरथर मात्र कुठूनच आली नसावी.
एखाद्या पानाने, थंडीतल्या एखाद्या जबड्याने
ती करता करताच म्हटली असणार.
डॉक्टरांकडे एकच आहे, ट्रेमर,
लॅटिनमधला, इस्त्री केलेला.

मग पोतदारच म्हणतात,
"तागडीत चांदी टाकली की
मधला काटा जरा हलतो. गिऱ्हाईक श्वास धरतं.
मग ठरतो. ठरला की भाव बोलायचा.
साठ वर्षं हेच.
आता लिही, काटा ठरत नाही."

काटा.
अंगावर येतो तो, पायात मोडतो तो,
भिंतीवरच्या घड्याळातला, माझी फी मोजणारा.
मी इंग्रजीत सांगते : हात स्वस्थ असतानाच हलतो.
डॉक्टर झरझर लिहून घेतात, त्यांना हेच हवं होतं.
तागडी माझ्यापाशी राहते.

बसस्टॉपवर आठवतं,
बाबा गेल्यावर आईला जिल्हा परिषदेत घेतलं
ते अनुकंपा तत्त्वावर.
अर्ज तीन प्रतींत. शब्द छापील, कोरडा,
त्याच्यावर अर्धा शिक्का.
आम्ही कुणी तो फोडून पाहिला नव्हता.
अनु. कंप.
कुणी कापलं की मागोमाग कापणं.

शिक्का मारणारा तो कारकून, पान खाणारा,
कापला असेल का, केसभर तरी?
आईचा अंगठा मात्र शाईत नीट उठला नव्हता,
दुसरा कागद मागवावा लागला.

बस येते.
मशीनला लावताना कार्ड
हातातून दोनदा निसटतं.
ड्रायव्हर म्हणतो, सावकाश.
थंडीच असणार.