आपिया ते पागो पागो

अंतर सव्वाशे किलोमीटर,
उड्डाण पस्तीस मिनिटांचं.
विमान एवढंसं, की सामानासोबत
माणसांनाही काट्यावर चढवतात.
फेतुई दोन किलो जास्त भरली.
तिनं चपला काढल्या, उगाच.

शनिवारी सकाळी उडालं,
उतरलं शुक्रवारी सकाळी.
मधे पाण्यात कुठेतरी वार बदलणारी रेघ.
तिनं वाकून पाहिलं होतं;
नुसताच समुद्र.

पेनिआमिना गेला
तो शनिवारच्या पहाटे.

माशांच्या कारखान्याच्या फाटकाशी
थोरली, पांढऱ्या गमबुटांत,
हात पुसत विचारते, कसा आहे गं?

फेतुई घड्याळ बघते.
काटे तिथेच आहेत.
"शुक्रवारी वाटीभर पेज प्याला,"
म्हणते ती,
"नीरफणस धर आधी,
जड आहेत."