कसर

अवालीच्या एका जुन्या बंगल्यातला एसी काढताना
माळ्यावर पेटी सापडली. पत्र्याची, अमेरिकन.
तेलकंपनीचा कुणी इंजिनिअर
जाताना पोराचं बालपण विसरून गेलेला.

मुनाफ परकार म्हणाला, "ह्या काय, पुस्तक की पापड?"
पान उचललं की कोपरा हातात राहायचा.
किंमत दहा सेंट. साल एकोणचाळीस.
मुकादम म्हणाला, कचऱ्यात.
मी पेटी सलमाबादच्या खोलीत आणली,
बंकखाली, चपलांच्या मागे सरकवली
आणि रात्री बोट ठेवून वाचू लागलो,
शाळेतलं सातवीचं इंग्रजी घेऊन.

पहिल्या पहिल्या गोष्टींत
खलनायकाला मुखवटाच नाही.
मला वाटलेलं, हिरवं तोंड असेल, निदान कवटी.
हा तर पोट सुटलेला, वास्कुटातला,
कुजक्या बोटींचा विमा उतरवून
त्या खलाशांसकट समुद्रात सोडणारा.
पुढच्या अंकात घरमालक. त्याच्या पुढच्यात
दोन्हीकडे बंदुका विकणारा.
नायक भिंत फोडून येतो, मानगूट धरतो,
त्याला त्याच्याच फुटक्या बोटीत नेऊन बसवतो.
पगार सहा महिने थकलेला असला
की असं पान दोनदा वाचावं लागतं.

मग युद्ध लागलं.
चित्रकारांनी दुष्टाला दात दिले, परका देश दिला.
एका अंकात फेटेवाला मांत्रिक,
नाव धड हिंदू नाही, धड मुसलमान नाही,
नजरेनं बायका झोपवणारा.
छपाईत लाल रंग रेषेबाहेर सांडून
त्याचे ओठ हनुवटीवर आलेले.
परकारनं चित्र पाहिलं, मला पाहिलं,
"नाक तुझाच हाय."
खूप हसलो.
मग जरा वेळ कुणीच हसलं नाही.

पेटीच्या तळाशी चट्टेरीपट्टेरी मंडळी.
प्रत्येकाचं वेगळं हसणं, वेगळी गुहा.
तुरुंगातून सुटतात, पुन्हा येतात,
नायकाशी त्यांचं घरचं भांडण असावं तसं.
मुखवटा आला
आणि पगाराचा विषय गेला.

गोदामाचा राखणदार खमीस चित्रं बघायला यायचा,
चष्म्याला एकच दांडी.
त्याचं हिंदी बापाकडून आलेलं, मुंबईच्या मोतीबाजारातलं.
म्हणाला, चाळीस साली रात्री खरीच विमानं आली होती,
रिफायनरीवर. बॉम्ब वाळूत पडले.
मी दहा वर्षांचा, छपरावर उभा.
केप घातलेलं कुणी आलं नाही.
आईनं कान धरून खाली नेलं.

बोटवाल्याचं चित्र मात्र त्यानं सोडलं नाही.
बाप पाणबुड्या. नाकाला चिमटा, पायाला दगड,
आणि कर्ज आजापासूनचं,
नाखव्याच्या वहीत.
"म्हणजे नाखवाच तो?" मी बोटानं चित्र दाखवलं.
खमीस म्हणाला, नाखवा व्यापाऱ्याच्या कर्जात.
"मग व्यापारी?"
व्यापारी मुंबईच्या पेढीच्या कर्जात.
"आणि पेढी?"
ते त्याला ठाऊक नव्हतं.
मला थोडंसं ठाऊक होतं. मी बोललो नाही.

त्या अंकाचं शेवटचं पान कसरीनं खाल्लेलं.
नायकाचा एक बूट उरलाय
आणि समुद्राचा निळा तुकडा,
त्यात ठिपके, जवळ धरले की नुसते ठिपके.

शुक्रवारी कंपनीचा माणूस आला.
बिस्किटांचा पुडा, शर्ट आमच्यासारखाच पाठीला चिकटलेला.
त्याच्या मुलीची फी राहिलीय म्हणाला.
म्हणाला, माझ्या हातात काय आहे,
वरूनच आले नाहीत.

आम्ही अकरा जणांनी वर पाहिलं.
एसी दुरुस्त करणाऱ्यांची खोली.
वर पंखा होता, तीन पात्यांचा,
एक पातं जरा वाकलेलं.