वजनकाटा

बोर्डेच्या घरात, मधल्या खोलीत
गेले चौदा महिने मी अग्निबाण गुंडाळतोय.
प्रमाण एकास बारा. खऱ्याचा एक फूट
तो माझा एक इंच.
उंची होते बारा फूट पावणेदोन इंच,
आणि आमच्या आढ्याखाली जागा अकरा फूट.
हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.
बायकोला मी गेल्या आठवड्यात सांगितलं.

कागद म्हापशाहून आणतो,
लग्नपत्रिका छापतो त्या माणसाकडून, जाड, पांढरा,
आणि तो दर खेपेला विचारतो, कार्य कधी?
डिचोलीच्या हवेत हा कागद जावयासारखा वागतो:
सकाळी ताठ, दुपारी जरा ऐकतो,
संध्याकाळी नदीकडून दमट वारा आला की फुगून बसतो.
मग कोमट इस्त्री फिरवायची,
तांदळाच्या पिंपात रात्रभर उभा करायचा,
पातळ वार्निशचे दोन हात द्यायचे
आणि दोन दिवस त्याच्या वाटेला जायचं नाही.

टोक मात्र जमेना.
बारा पाकळ्या कापल्या, जोडल्या, झाला भोपळा.
पुन्हा कापल्या. पुन्हा भोपळा.
शेजारची एस्पेरांस बाय,
चाळीस वर्षं अख्ख्या वाड्याचे फ्रॉक आणि पोलकी शिवलेली,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली,
"गोलाई चोरची पडटा रे."
आणि प्रत्येक पाकळीच्या कडेवरून
तिनं केसभर कागद चोरला.

खरा तीनशे वीस टनांचा.
लोक हा आकडा वाचतात. मी तो तोललाय:
खाणीच्या काट्यावर एकवीस वर्षं,
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी, पुढचा.
दहा टनांचा एक धरला
तर अग्निबाण म्हणजे आमचे बत्तीस ट्रक,
एकामागे एक, लाल धुळीतून
सरळ वर निघालेले.
म्हणून आतल्या कड्या बत्तीस.
विसांत भागलं असतं.
प्रत्येक कडीवर पेन्सिलीनं एक नाव:
गुणो माजीक, आग्नेल, फटी गावस,
इस्माईल, ज्याचा ट्रक हप्त्यासकट गेला,
सुडको, जो आता पणजीत रात्रीचा पहारा करतो.
कडी बसली, वरून कवच चिकटलं.
आता ती नावं वाचायची
तर अग्निबाण फाडावा लागेल.

वाड्यावरची पोरं खिडकीला लटकून बघतात.
परवा त्यांतल्या धाकट्यानं विचारलं,
"काका, केन्ना लासपाचो?"
त्याचं काय चुकलं?
कागदाचं एवढं मोठं धूड त्यानं
दिवाळीच्या पहाटे जळायलाच उभं राहिलेलं पाहिलंय.
म्हटलं, हा जाळायचा नाही.
"मग उडतलो?"
उडणारही नाही.
पोरगं थोडा वेळ गप्प राहिलं.
मग म्हणालं, "मग तुमी कित्याक केलो?"
मी डिंकाची वाटी शोधू लागलो.
ती हातातच होती.

जोडण्याआधी एकेक भाग तोलला,
मासळीवाल्या शेवंतूच्या काट्यावर, बांगडे बाजूला सारून.
पहिला टप्पा, दुसरा, तिसरा, चौथा, बाजूचे सहा, टोक.
बेरीज चार किलो तीनशे.
"फणस गो हो," ती म्हणाली, "तोय ल्हानसो."
पावती मी लिहिली. तारीख घातली.
सही करायला जागा सोडली, सवयीनं.

आज सकाळी सहा कौलं उतरवली, एक रीप कापली.
खाली बायकोनं बुंधा धरला, वर शिडीवर मी,
मधे एस्पेरांस बाय, "सवकास, सवकास" करत.
टोक अंधारातून निघालं
आणि आभाळात सव्वा फूट जाऊन थांबलं.
आम्ही तिघंही अंगणात येऊन बघत राहिलो.

तेवढ्यात कावळा आला.
नेमका टोकावर बसला, मान वाकडी करून
आमच्याकडे बघितलं.
अग्निबाण किंचित हलला, मग स्थिरावला.
कावळ्याचं वजन
मी हिशेबात धरलंच नव्हतं.