पाय धुण्याचा गुरुवार

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं आमची मंडळी.
सत्तावीस घरं, एक पेटी, पत्र्याचं छप्पर
आणि शेजारच्या गोदामातून येणारी हळदीची धूळ,
जी शास्त्राच्या पानांतही बसते,
गीतांच्या वहीत जरा जास्तच.

मेनोनाइट म्हणजे काय हो, जागामालक विचारायचे.
मी सांगायचे, आम्ही शपथ घेत नाही,
शस्त्र धरत नाही,
वर्षातून एकदा एकमेकांचे पाय धुतो.
बरंय की, म्हणायचे ते.
सभासदांची वही माझ्याकडं असते हे मी सांगत नसे.
शस्त्र न धरणाऱ्यांकडंही
लाल शाईचं पेन असतं.

सलोमी नंद धमतरीच्या मंडळीचं पत्र घेऊन आली,
मिरजेत नर्स. सुवार्ता रणभिसे इथलीच,
हळदीच्या पॉलिशच्या ड्रमवर.
अकरा वर्षं संजयनगरात एका खोलीत.
आम्ही म्हणायचो, मैत्रिणी आहेत.
गळकं छप्पर माहीत असतं,
आपण खाली बादली ठेवतो आणि बोलत नाही,
तसं म्हणायचो.

फेब्रुवारीत त्या दोघीच आल्या.
म्हणाल्या, आमची नावं एका ओळीत घ्या,
एक घर म्हणून. नात्याच्या रकान्यात काय ते लिहा,
पण लिहा.

बैठक साडेतीन तास चालली.
शांतवनकाकांनी एक अध्याय उघडला,
लोंढे मास्तरांनी दुसरा.
चहावर साय धरली.
पाळक म्हणाले, आपण प्रार्थना करू या,
म्हणजे आज नको.
मी काहीच बोलले नाही.
वहीत लिहिलं : चर्चा झाली.

मग तो गुरुवार.
पडद्याच्या पलीकडं पुरुष, अलीकडं आम्ही.
दरवर्षी त्या दोघी एकमेकींचेच पाय धुवायच्या.
या वेळी आढावबाई हळूच म्हणाल्या,
तसं नको, वेगवेगळ्या बसा.
सलोमीला म्हातारी मार्थाबाई मिळाली.
सुवार्ता थेट गोदामातून आलेली,
चपला काढून स्टुलावर बसली
आणि कुणी हललं नाही.
पंखा तेवढा फिरत होता.

माझ्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय.
बाक धरून बसले खाली.
पहिल्याच तांब्याला घंगाळातलं पाणी पिवळं.
दुसऱ्यालाही.
नखांच्या कडेला, टाचांच्या भेगांत.
जायची नाही बाई ती, सुवार्ता म्हणाली,
अकरा वर्षांची आहे.

माझी हळद चार दिवसांत उतरली होती.
नवरा सहा वर्षांत.

मी टाच चोळत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ,
कारण मला ओबेदचे पाय आठवत होते,
माझ्या भावाचे, डाव्या अंगठ्याला नख नसलेले.
मिरजेच्या सतारीच्या कारखान्यातला एक कारागीर होता.
एक्क्याण्णव साली दोघं गेले, सकाळच्या पॅसेंजरनं.
अक्षर चांगलं म्हणून वही नुकतीच माझ्याकडं आली होती.
वडील शेजारी उभे होते.
स्वच्छ लिही, म्हणाले.
लिहिलं स्वच्छ : नाव कमी केले.

पाय धुऊन झाले की उठून गळाभेट घ्यायची असते.
मला उठताच येईना.
सुवार्तानं एका काखेत हात घातला,
सलोमी पलीकडून ओल्या हातांनी आली,
आणि गोणी उचलतात तसं दोघींनी मला
एक-दोन म्हणत उभं केलं.
आढावबाई टॉवेलाची घडी घालत होत्या.
तीच घडी, पुन्हा पुन्हा.

निकाल अजून नाही. बैठक जूनमध्ये आहे.
चार घरं मिरजेच्या देवळात जायला लागलीत,
शांतवनकाका मात्र येतात अजून,
मागच्या बाकावर बसतात, गातात.
काय होईल मला माहीत नाही.

त्या रात्री मी जुनी वही काढली.
बोटं पिवळीच होती, पानाला लागली ती
ओबेदच्या ओळीशेजारी, लाल रेघेवर.
पुढं पत्त्याचा रकाना आहे.
रिकामा.
त्यानं सांगितला होता पत्ता, फाटकाशी, निघताना.
मीच लिहून घेतला नव्हता.