दोन मैलांच्या पुऱ्या

कीथ गार्बट दाराशी उभा होता, हातात रिकामा डबा,
पाऊस तिरका, डोक्यावर टोपी नाही.
म्हणाला, ऐकलंय तुम्ही लोक या महिन्यात पुष्कळ तळता.

आम्ही लोक म्हणजे मी एकटी.
विदर्नसीत दुसरं मराठी घर नाही.
इथलं दीपगृहसुद्धा समुद्र सोडून
गावाच्या मधोमध, घरांच्या गर्दीत उभं आहे,
चुकून भलत्याच स्टॉपवर उतरल्यासारखं.

त्याची व्हॅन एकोणीसशे शहाण्णवची,
गेली नऊ वर्षं तिने डिझेल चाखलेलं नाही.
परसातल्या शेडमध्ये तो तेल गाळतो
ग्लेनिसच्या जुन्या नायलॉनच्या मोज्यांतून.
एक पाय भरला की दुसरा.
खाली बादलीत मधासारखं काही जमत राहतं,
वर मोज्यात उरतात
माशाच्या पिठाचे जळके कण, आणि एकदा एक कानातलं.

या किनाऱ्यावर बटाटे गाईच्या चरबीत तळतात.
म्हणून मी कधी खाल्ले नाहीत,
आणि म्हणूनच ते कीथच्याही कामाचे नाहीत:
चरबी थंडीत थिजते, इंजिनाचा गळा धरते.
इंजिन आणि मी, दोघंही शाकाहारी.
सूर्यफुलाचं तेल वापरणारा गावात एकच, एर्गुन कबाबवाला,
तो फुकट द्यायचा, वर एक मिरची द्यायचा.
उन्हाळ्यात लीड्सहून टँकर आला.
कंपनीचा माणूस, करार, लिटरमागे पैसे.
एर्गुनने कीथच्या डोळ्यांत न बघता मिरची दिली.

तेल गेलं, तूप गेलं, असं मी मराठीत म्हटलं,
धुपाटणं इंग्रजीत कसं सांगायचं
या विचारात डबा हातात घेतला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार:
ग्लेनिसचं डायलिसिस, हलच्या हॉस्पिटलात.
बटाटा तिला वर्ज्य. मीठ वर्ज्य. पाणीसुद्धा मापून.
पण व्हॅन सुरू झाली की मागे चिप्सचा वास सुटतो
आणि ती काच खाली करते.
एवढंच माझं जेवण, म्हणते,
आणि ते पुढे निघण्याऐवजी मागेच राहतं.

मला डॉक्टरांनी तळण बंद करायला सांगितलंय.
कागदावर कोलेस्टेरॉलच्या आकड्याला लाल गोल.
तरी मी भाजणी मागवली लेस्टरहून,
चकल्या केल्या, शंकरपाळ्या, चिरोटे जरा फसले.
केअर होममधल्या सगळ्यांना वाटले.
एका आजोबांनी चकली कानाला लावून मोडली,
आवाज ऐकला, आणि परत दिली.

गार झालेलं तेल अडीच लिटर भरलं.

शुक्रवारी रात्रपाळी संपवून येत होते.
क्वीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर व्हॅन माझ्या बाजूने गेली,
आणि त्या ओल्या, खारट, करड्या सकाळी
रस्ताभर तीळ, ओवा, भाजलेल्या डाळींचा वास.
बसस्टॉपवरच्या पोराने नाक वर केलं.
सीगल गोंधळले.
मी तशीच उभी राहिले, ओळखपत्र गळ्यात,
आणि मला फक्त भूक लागली. दुसरं काही नाही.
दुसरं काही वाटायला हवं होतं बहुतेक.

ग्लेनिसने खिडकीतून ओरडून विचारलं, काय होतं ते?
चकली, मी ओरडले.
चॅकली, ती म्हणाली, आणि व्हॅन वळली.

कीथकडे सगळ्याचा हिशोब असतो.
शनिवारी डबा परत करताना म्हणाला,
तुमचं तेल सोळा मैल चाललं. हल अठरा मैल.
तक्रार नव्हती, नुसतं सांगणं.
थंडी वाढली की रात्री टाकीला
गरम पाण्याची पिशवी बांधतो, असंही सांगितलं,
बायकोची असते, ती झोपली की काढून घेतो.

रविवारी मी कढई पुन्हा चढवली.
सण नव्हता, पाहुणे नव्हते.
दोन मैलांच्या पुऱ्या लाटल्या.
किती लागतात ते मला कुठे ठाऊक,
पीठ संपेपर्यंत लाटत राहिले.